निर्बंधाची शब्दयोजना आणि गिधाडांचे रक्षण

कायद्याने घातलेला निर्बंध हा प्रथमतः एक भाषिक व्यवहार असतो. कोणी, काय, कोठे व कशासाठी करू नये, हे ज्या वाक्यात सांगितलेले असते त्या वाक्याच्या घटनेवर निर्बंधाची व्याप्ती अवलंबून असते. आणि ज्या गोष्टी त्या वाक्याच्या कक्षेबाहेर राहतात त्या व्यवहारात निर्वेधपणे चालू राहतात. या सामान्य सिद्धांताचे एक बोलके उदाहरण भारतातील गिधाडांच्या ऱ्हासात व त्यानंतर घातल्या गेलेल्या निर्बंधांत सापडते. मृतभक्षक पक्षी वाचविण्यासाठी अमेरिकेत व युरोपात शिशाच्या गोळ्यांवर बंदी घालावी की नाही, असा वाद गेली अनेक वर्षे चालू आहे. भारतात प्रश्न गोळीचा नसून सुईचा आहे. परंतु दोन्हीकडे मूळ अडचण एकच आहे. विष मृत प्राण्याच्या देहातून पक्ष्याच्या पोटात जाते, आणि ते थांबविण्यासाठी जे शब्द योजले जातात ते कधी पुरेसे ठरतात, कधी अपुरे पडतात.

गोळी व सुई यांतील हा भेद कोल्हापूरच्या संदर्भात सहज स्पष्ट होतो. संस्थानी काळात कोल्हापूर शिकारीसाठी प्रसिद्ध होते. शिकवलेल्या चित्त्यांकरवी काळविटाची शिकार करण्याची येथील पद्धत सर्वश्रुत आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्याने शिकारीवर बंदी आल्यावर, शिकाऱ्याने टाकून दिलेल्या शिसेयुक्त मांसाचा प्रश्न येथे मोठ्या प्रमाणावर उरला नाही. याउलट पाळीव जनावरांचा व्यवहार मात्र या नगराच्या अगदी अंतर्भागापर्यंत पोचलेला आहे. शिवाजी पेठ व तिच्या लगतची जुनी वस्ती रंकाळ्याच्या अंगाने वसलेली आहे. ग्राहकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देणारे कट्टे आणि दिवाळीच्या पाडव्यास सजवून मिरवल्या जाणाऱ्या म्हशी ही कोल्हापूरच्या नागर जीवनाची ओळख आहे. अशा ठिकाणी जनावरास ताप आला, कासेस सूज आली, पाय लचकला, तर उपचार तत्काळ हवा असतो. त्या उपचाराच्या एका साधनातून गिधाडांचे संकट निर्माण झाले. म्हणून गोठ्यातील औषध व कड्यावरील पक्षी यांचा संबंध समजून घेणे आवश्यक ठरते.

१. नाव आणि कार्य

मराठीतील ‘गिधाड’ हा शब्द संस्कृत ‘गृध्र’ या शब्दापासून प्राकृत ‘गिद्ध’ या रूपाच्या द्वारे आलेला आहे. ‘गृध्र’ शब्दाच्या मुळाशी ‘गृध्’ हा धातू असून त्याचा अर्थ ‘हव्यास धरणे’ असा आहे. म्हणजे या पक्ष्याचे नावच मुळी त्याच्यावर ठेवलेल्या दोषारोपातून सिद्ध झाले आहे. मराठीत हा शब्द नपुंसकलिंगी आहे आणि लाक्षणिक अर्थाने तो निंदाव्यंजक आहे. दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेण्यास टपलेल्या माणसास ‘गिधाड’ म्हणतात. ‘गिधाडे घिरट्या घालू लागली’ हा प्रयोग वृत्तपत्रांच्या भाषेत रूढ आहे. रामायणातील जटायू हा गृध्रराज पूजनीय ठरला खरा. परंतु त्या आदराचा अंश ‘गिधाड’ या शब्दात उतरला नाही.

वस्तुतः या पक्ष्याचे कार्य हव्यासाचे नसून स्वच्छतेचे आहे. मेलेल्या जनावराचे मांस कुजण्यापूर्वी गिधाडांचा थवा ते अल्पावधीत फस्त करतो. त्यांच्या जठरातील आम्ल अत्यंत तीव्र असल्यामुळे मांसातील बहुतेक रोगजंतू तेथे नष्ट होतात. भारतात वृद्ध वा रोगी गुरे मोठ्या संख्येने नैसर्गिकरीत्या मरतात व त्यांचे मांस सामान्यतः खाल्ले जात नाही; त्यामुळे या पक्ष्यांना विपुल अन्न मिळत असे. महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत मेलेले ढोर ओढून गावाबाहेर नेण्याचे काम जातीच्या आधारे काही समाजांवर लादलेले होते. महार वतनाच्या जमिनींना असलेली ‘हाडकी’, ‘हाडोळा’ ही नावे त्या व्यवस्थेची खूण होत. ते लादलेले काम नाकारणे हा दलित चळवळीचा न्याय्य निर्धार होता. तथापि कातडे काढून घेतल्यावर उरलेल्या सांगाड्याची विल्हेवाट मनुष्य लावीत नसे, ती गिधाडे लावीत, ही गोष्ट ग्रामव्यवस्थेच्या वर्णनात क्वचितच नोंदली गेली आहे.

गिधाडांच्या नावासंबंधी आणखी एक मुद्दा येथे उपस्थित होतो. लांब चोचीचे गिधाड ही दीर्घकाळ एकच जाती मानली जात होती. या शतकाच्या प्रारंभी ती दोन जातींत विभागली गेली: एक, द्वीपकल्पातील कड्यांवर घरटी करणारी, दुसरी, हिमालयाच्या पायथ्याकडील व आसामातील, निमुळत्या चोचीची, झाडांवर घरटी करणारी. जोपर्यंत दोहोंस एकच नाव होते तोपर्यंत दुसरी जाती किती दुर्मिळ झाली आहे हे गणनेत स्वतंत्रपणे दिसण्यास मार्ग नव्हता. ज्यास नाव नाही त्याची मोजदाद होत नाही, आणि ज्याची मोजदाद नाही त्याचे रक्षण करणे कठीण जाते.

२. ऱ्हास आणि त्याचे कारण

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडांची संख्या झपाट्याने घटत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९९० च्या दशकात नोंदविले आणि १९९९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढील गणनांवरून असे दिसून आले की १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब व निमुळत्या चोचींच्या दोन्ही जातींची एकत्रित घट सुमारे ९७ टक्के होती. या तिन्ही जाती ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात गणल्या गेल्या.

प्रारंभी एखाद्या साथीच्या रोगाचा संशय होता. परंतु लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून २००४ मध्ये खरे कारण प्रकाशात आले. मेलेल्या गिधाडांच्या आंतरेंद्रियांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला आढळत होता. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. या पक्ष्यांच्या देहात डायक्लोफिनॅक हे दाह व वेदना शमविणारे औषध सापडले. हे औषध दिल्यानंतर लवकरच जनावर मेले तर औषधाचा अंश त्याच्या मांसात राहतो, आणि ते मांस खाल्लेले गिधाड थोड्याच दिवसांत मरते. मनुष्यास व गुरांस उपकारक असलेले द्रव्य या पक्ष्यास मात्र घातक ठरते.

यातील गणित विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. गिधाडे एकाच मृत जनावरावर मोठ्या संख्येने एकत्र येतात. त्यामुळे उपलब्ध मृत जनावरांपैकी एक टक्क्याहूनही कमी जनावरांत हे औषध असेल तरी एवढा ऱ्हास घडून येऊ शकतो, असे गणिती अभ्यासातून सिद्ध झाले. प्रत्यक्षात २००४-०५ च्या सुमारास भारतात तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांत ते आढळले. यावरून निर्बंधाची कसोटी किती कठोर आहे हे कळते. नव्वद टक्के यशस्वी झालेला निर्बंध अन्य क्षेत्रांत समाधानकारक मानला जाईल. येथे तो अपुरा ठरण्याचा संभव आहे.

गिधाडे गेल्याचा परिणाम त्यांच्यापुरताच राहिला नाही. मृतदेहांवर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली व कुजलेल्या मांसामुळे पाण्याचे स्रोत दूषित झाले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात, २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावामुळे भारतात दरवर्षी सुमारे एक लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असे अनुमान केले आहे. मुंबईच्या मलबार टेकडीवरील दख्म्यांत पारशी समाजास आपल्या अंत्यविधीसाठी सूर्यकिरण एकवटणाऱ्या साधनांचा आश्रय घ्यावा लागला. ‘हव्यासी’ म्हणून हिणवलेला पक्षी समाजाचे कोणते काम करीत होता हे तो नाहीसा झाल्यावर उमगले.

३. ‘साठी’ या अव्ययाचा निर्बंध

भारताच्या औषध नियंत्रकांनी २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकच्या उत्पादनाचे परवाने मागे घेण्याचे निर्देश दिले. पुढे २००८ मध्ये राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध होऊन, औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २६-अ अन्वये, पशूंच्या उपयोगासाठी या औषधाचे उत्पादन, विक्री व वितरण यांस बंदी झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांस निरुपद्रवी असणारे पर्यायी औषध २००६ मध्येच सिद्ध झालेले होते. म्हणजे निर्बंध होता, पर्यायही होता.

आता या निर्बंधाची शब्दयोजना पाहावी. येथे बंदी द्रव्यावर नाही, द्रव्याच्या एका उपयोगावर आहे. ‘पशूंच्या उपयोगासाठी’ या पदसमूहातील ‘साठी’ हे शब्दयोगी अव्यय हेतू दर्शविते. त्याच द्रव्याचे मनुष्याच्या उपयोगासाठी केलेले उत्पादन पूर्णतः वैध राहिले, आणि ते तसे राहणे आवश्यकही होते. कारण संधिवात, शस्त्रक्रियोत्तर वेदना इत्यादींवर हे औषध मनुष्यास उपयुक्त आहे. परंतु हेतू ही मनात वसणारी गोष्ट आहे, कुपीत वसणारी नव्हे. उत्पादकाच्या कारखान्यात ‘मनुष्यासाठी’ असलेली कुपी विक्रेत्याच्या फळीवरून गोठ्यात जाईपर्यंत द्रव्यात काहीही बदल होत नाही. बदलतो तो केवळ हेतू. मनुष्यासाठी असलेल्या वेष्टनावर ‘पशुवैद्यकीय उपयोगासाठी नाही’ असे छापण्याची सूचनाही उत्पादकांना देण्यात आली. परंतु तोही पुन्हा ‘साठी’चाच निर्बंध होता.

या त्रुटीचा परिणाम मोजला गेला आहे. नोव्हेंबर २००७ ते जून २०१० या काळात भारतातील अकरा राज्यांतील २५० हून अधिक औषधविक्रेत्यांची पाहणी करण्यात आली. गुरांसाठी औषध मागितले असता ३६ टक्के दुकानांत डायक्लोफिनॅक उपलब्ध असल्याचे आढळले. त्यातील बरेचसे मनुष्यासाठी बनविलेले, परंतु मोठ्या कुपीत भरलेले होते. मनुष्यास एका वेळी साधारणतः ३ मिलिलिटर औषध पुरते. याच्या कितीतरी पट औषध मावणाऱ्या कुपीचा आकार म्हशीस वा बैलास सोयीचा होता. वेष्टनावरील अक्षरे मनुष्याचा उल्लेख करीत होती आणि कुपीचा आकार गुरांचा निर्देश करीत होता; व्यवहाराने अक्षरांपेक्षा आकाराचे ऐकले.

४. हेतूकडून परिमाणाकडे

म्हणून जुलै २०१५ मध्ये केंद्र शासनाने निर्बंधाची भाषा बदलली. मनुष्यासाठी असलेले डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन केवळ एका मात्रेच्या, ३ मिलिलिटरच्या कुपीतच भरावे, असा नियम करण्यात आला. या वाक्यात हेतूचा शोध घेण्याचे कारणच उरत नाही. कुपी तीन मिलिलिटरची आहे की नाही, हे कोणासही पाहता येते. मोठ्या जनावरास औषध देण्यासाठी अशा अनेक कुप्या फोडाव्या लागतात. त्यात श्रमही अधिक व खर्चही अधिक. निषेध न उच्चारताही हा नियम निषेधाचे कार्य करतो.

या नियमास विरोध झाला नाही असे नाही. काही उत्पादकांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नियम कायम ठेवला. या वादात दोन्ही बाजूंस काही तथ्य होते. एक पक्ष असा, की पक्ष्याच्या रक्षणासाठी रुग्णाच्या औषधाची रचना बदलणे म्हणजे एका क्षेत्राचा भार दुसऱ्यावर टाकणे होय. मोठ्या कुपीत भरलेले औषध प्रत्येक मात्रेस स्वस्त पडते. दुसरा पक्ष असा, की रुग्णास औषध मिळण्यात कोणतीही आडकाठी येत नाही, केवळ वेष्टनाचा आकार बदलतो, आणि हानी मात्र न भरून येणारी टळते. पशुपालकाचा पक्षही येथे विसरता येत नाही. दारच्या दोन म्हशींवर संसार चालविणाऱ्यास जनावराची वेदना लवकर शमणे हा चैनीचा प्रश्न नसतो. त्याच्या हातून औषध काढून घ्यावयाचे तर तितकेच गुणकारी व तितकेच सुलभ औषध त्याच्या हाती देणे, ही निर्बंधाची नैतिक अट आहे.

२०१५ च्या सुमारास झालेल्या गणनेत गिधाडांचा ऱ्हास मंदावल्याचे व संख्या अत्यल्प पातळीवर का होईना स्थिरावत असल्याचे दिसून आले. याचे श्रेय एकट्या शब्दयोजनेस देता येणार नाही. जनजागरण, मेलॉक्सिकॅमचा प्रसार व संवर्धनाचे प्रत्यक्ष कार्य यांचाही त्यात वाटा आहे.

५. नाव बदलणारे द्रव्य

निर्बंध वस्तूच्या नावावर घातला तरी सर्व प्रश्न सुटत नाहीत, हे पुढील घटनेवरून दिसते. ॲसिक्लोफिनॅक हे निराळ्या नावाचे, निराळ्या परवान्याने विकले जाणारे औषध. डायक्लोफिनॅकवरील बंदीचे कोणतेही अक्षर त्यास लागू नव्हते. परंतु गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर डायक्लोफिनॅकमध्येच होते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. म्हणजे बाजारात ज्याचे नाव एक, जनावराच्या रक्तात त्याचेच नाव दुसरे. कायद्याने संज्ञेचा निषेध केला होता. शरीराने मात्र त्या संज्ञेस पर्याय शब्द पुरविला.

केटोप्रोफेन हे औषधही गिधाडांस घातक असल्याचे प्रयोगांनी सिद्ध झाले होते. या दोन्ही औषधांच्या पशुवैद्यकीय उपयोगावर भारत शासनाने जुलै २०२३ मध्ये बंदी घातली. निमेसुलाइडवर तशीच बंदी डिसेंबर २०२४ मध्ये आली. येथे एक पद्धतिविषयक दोष स्पष्ट होतो. एकेका द्रव्याचे नाव घेऊन घातलेला निर्बंध नेहमी घटनेच्या मागून चालतो: आधी औषध बाजारात येते, मग पक्षी मरतात, मग कारण शोधले जाते, मग नाव राजपत्रात छापले जाते. याच्या उलट क्रम असा असू शकेल, की गुरांसाठी येणाऱ्या प्रत्येक नव्या दाहशामकाची गिधाडांवरील परिणामासंबंधी चाचणी बाजारात येण्यापूर्वीच व्हावी. पहिल्या पद्धतीत निषिद्धांची यादी असते, दुसऱ्या पद्धतीत अनुज्ञातांची. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, पहिलीत अनुमती हा उत्सर्ग व निषेध हा अपवाद आहे. दुसरीत ते स्थान उलटे होते. मेलॉक्सिकॅम व अलीकडे २०२२ मध्ये निरुपद्रवी ठरलेले टोल्फेनॅमिक आम्ल ही अनुज्ञातांच्या अशा यादीची आरंभीची नावे होऊ शकतात.

६. शिशाचा वाद

भारतातील हा अनुभव अमेरिकेतील शिशाच्या वादाशेजारी ठेवला असता शब्दयोजनेचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. कॅलिफोर्निया कॉन्डॉर हा गिधाडासारखाच मृतभक्षक असलेला महाकाय पक्षी. १९८२ मध्ये त्याची संख्या अवघी २२ उरली होती. १९८७ मध्ये शेवटचा मुक्त पक्षी पकडून सर्व पक्षी प्रजननासाठी बंदिस्त करण्यात आले व पुढे त्यांची संतती क्रमाक्रमाने सोडण्यात आली. सोडलेले पक्षी शिशाच्या विषबाधेने मरू लागले. शिशाची गोळी प्राण्याच्या शरीरात शिरताना फुटते व तिचे अतिसूक्ष्म कण मांसात विखुरतात. शिकाऱ्याने जागेवर टाकलेली आतडी वा जखमी होऊन दूर मेलेला प्राणी खाताना ते कण पक्ष्याच्या पोटात जातात, तेथील आम्लात विरघळतात, रक्तात मिसळतात. पक्ष्याची पचनसंस्था लुळी पडते व अन्न पोटात असतानाही तो उपासमारीने मरतो. रक्तातील शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण गोळ्यांतील शिशाशी जुळते, हे २००६ मधील संशोधनाने दाखविले.

कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये केलेल्या कायद्याने कॉन्डॉरच्या वावराच्या प्रदेशात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांस मनाई केली. हा निर्बंध स्थलवाचक होता. परंतु कॉन्डॉर अन्नासाठी फार दूरवर उडतो. नकाशावरील रेषा त्यास कळत नाही. विषबाधा कायम असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. २०१३ च्या कायद्याने स्थळाचे विशेषण गाळले व १ जुलै २०१९ पासून राज्यभर कोणत्याही वन्य प्राण्याच्या शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरण्यास मनाई झाली.

संघराज्याच्या पातळीवर हा वाद एका शब्दाच्या अर्थावर येऊन थांबला. १९७६ च्या विषारी द्रव्यांसंबंधीच्या कायद्यातून काडतुसे वगळलेली आहेत. पर्यावरणवादी संस्थांचा युक्तिवाद असा, की वगळलेले ते काडतूस. त्यातील गोळी व छर्रे वगळलेले नाहीत, म्हणून शासनाने त्यांचे नियमन करावे. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने हा युक्तिवाद अमान्य केला. काडतुसाचे नियमन केल्याविना उडविलेल्या गोळीचे नियमन शक्य नाही, असा त्याचा आशय होता. अवयव व अवयवी यांच्या संबंधाचा हा प्रश्न न्यायशास्त्राच्या अभ्यासकास अपरिचित नाही. येथे त्याच्या उत्तरावर एका पक्ष्याचे भवितव्य अवलंबून होते.

वादातील पक्षांची परिभाषाही अभ्यसनीय आहे. शिशाच्या गोळ्यांस उत्पादकांची संघटना ‘पारंपरिक दारूगोळा’ म्हणते. विरोधक त्यांना ‘विषारी दारूगोळा’ म्हणतात. वस्तू एकच; परंतु पहिल्या नावात रूढीचे संरक्षण आहे व दुसऱ्यात निषेधाचा निर्णय आधीच अंतर्भूत आहे. शिकाऱ्यांच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे केवळ हटवादाचे नाहीत. पर्यायी तांब्याच्या गोळ्या महाग व काही प्रकारांत दुर्मिळ असतात; आणि बंदुका व काडतुसे यांवरील कराच्या उत्पन्नातून तेथील वन्यजीव संवर्धनास १९३७ पासून मोठा निधी मिळत आला आहे. ॲरिझोना राज्याने बंदी न घालता २००५ पासून कॉन्डॉरच्या प्रदेशातील शिकाऱ्यांना शिसेविरहित गोळ्या विनामूल्य देण्याचा मार्ग स्वीकारला व बहुसंख्य शिकाऱ्यांनी त्यास सहकार्य दिले. याउलट संघराज्याच्या संरक्षित भूमीवर शिसे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा १९ जानेवारी २०१७ चा आदेश २ मार्च २०१७ रोजी नव्या शासनाने रद्द केला. शासन बदलताच रद्द होणाऱ्या आदेशापेक्षा लोकांनी आपलासा केलेला व्यवहार अधिक टिकाऊ ठरू शकतो, असे यावरून दिसते.

युरोपीय संघाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ प्रदेशांत व त्यांच्या सभोवती १०० मीटरपर्यंत शिशाच्या छऱ्यांस मनाई केली आहे. तेथे वाद उठला तो ‘पाणथळ’ म्हणजे काय, या व्याख्येवर. स्थलवाचक निर्बंधाची सर्व शक्ती सीमेच्या व्याख्येत खर्ची पडते, याचा हा आणखी एक पुरावा होय.

७. गोठ्याची भाषा

या विवेचनावरून निर्बंधांचे चार प्रकार संभवतात: हेतुवाचक, स्थलवाचक, नामवाचक आणि परिमाणवाचक. पहिल्यात मनाची, दुसऱ्यात सीमेची, तिसऱ्यात पर्याय नावाची अडचण आहे. चौथा प्रकार सर्वांत कमी वक्तृत्वाचा व सर्वांत अधिक परिणामकारक दिसतो. कारण त्याचे पालन झाले की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. तथापि चौथा प्रकारही एका गोष्टीवाचून अपुरा राहतो. निर्बंध ज्या भाषेत लिहिलेला असतो ती भाषा व तो ज्यांनी पाळावयाचा त्यांची भाषा यांत अंतर असते.

राजपत्रात ‘डायक्लोफिनॅक व त्याचे औषधयोग’ असा उल्लेख असतो. गोठ्यात मागणी होते ती ‘तापाच्या’, ‘सुजेच्या’ वा ‘दुखण्याच्या’ इंजेक्शनाची. औषधास तेथे नाव नसते, काम असते. द्रव्याच्या नावाने घातलेली बंदी कामाच्या नावाने होणाऱ्या मागणीस स्पर्शच करीत नाही. म्हणून शिवाजी पेठेतील पशुपालकापर्यंत हा विषय न्यावयाचा असेल तर ‘अमुक द्रव्य वापरू नका’ एवढे सांगून भागणार नाही. ‘सूज उतरविण्यासाठी मेलॉक्सिकॅम मागा’ असे, त्याच्या मागणीच्या वाक्यात बसणारे विधान हवे. निषेधाच्या जोडीस विधी हवा. मीमांसकांनी विधी व निषेध यांचा विचार एकत्र केला, त्यामागील व्यावहारिक शहाणपण येथे प्रत्ययास येते. कोल्हापूर जिल्ह्यासारख्या ठिकाणी, जेथे सहकारी दूध संघाचे जाळे गावोगाव पोचलेले आहे, तेथे अशा विधानास लोकांपर्यंत जाण्याचा मार्ग आयताच उपलब्ध आहे.

महाराष्ट्रात संवर्धनाचे प्रयत्न विविध ठिकाणी झाले आहेत. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळील चिरगाव येथे उंच झाडांवरील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या घरट्यांचे रक्षण स्थानिक लोकांच्या सहकार्याने करण्यात आले. गडचिरोली व नाशिक जिल्ह्यांत औषधाचा अंश नसलेली मृत जनावरे गिधाडांस मिळावीत म्हणून स्वतंत्र जागा राखण्यात आल्या. त्यांना लोकव्यवहारात ‘गिधाडांचे उपाहारगृह’ असे नाव पडले. हरियाणातील पिंजोर येथील प्रजनन केंद्रातून जानेवारी २०२४ मध्ये गिधाडे पेंच व ताडोबा येथे आणण्यात आली. परंतु पिंजऱ्यात वाढवलेला पक्षी मुक्त केल्यानंतर तो शेकडो कोस उडतो, आणि वाटेत ज्या मृत जनावरावर उतरेल त्याच्या रक्तात काय आहे हे ठरते दूरच्या कोणा गोठ्यात. प्रजनन केंद्रातील वर्षानुवर्षांचे श्रम एका कुपीने व्यर्थ होऊ शकतात.

गिधाड एका वर्षात एकच अंडे घालते व त्याचे पिल्लू प्रजननक्षम होण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणजे पंधरा वर्षांत जे गेले ते भरून येण्यास कित्येक पिढ्या लागतील. दरम्यान नवी औषधे येत राहतील, त्यांना नवी नावे मिळतील आणि नव्या अधिसूचना निघतील. त्या कोणत्या शब्दांत निघतात, हेतू शोधणाऱ्या शब्दांत की मोजता येणाऱ्या शब्दांत, हा प्रश्न केवळ विधिज्ञांचा वा पक्षिशास्त्रज्ञांचा नाही. भाषेच्या अभ्यासकानेही त्यात लक्ष घालावे, इतका तो त्याच्या विषयाच्या निकट आहे. अधिसूचनांच्या मराठी अनुवादांची तपासणी, पशुपालकांच्या औषधविषयक बोलीशब्दांचा संग्रह आणि वेष्टनांवरील सूचनांच्या आकलनाचा अभ्यास ही कामे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास हाती घेण्याजोगी आहेत. आणि त्यांचा आरंभ जवळच्या पेठेतील गोठ्यापासून होऊ शकतो.